जजीरा ते जंजिरा

अरबी भाषेत बेटाला 'जजीरा' म्हणतात. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, फक्त तो वेगवेगळ्या वेषांत भेटतो. अल्जीरिया देशाची राजधानी अल्जियर्स; तिचे मूळ नाव 'अल-जजाइर', म्हणजे 'बेटे'. स्पेनच्या दक्षिण टोकाला अल्जेसिरास नावाचे बंदर आहे. ते मुळात 'अल-जजीरा अल-खदरा', हिरवे बेट. भूमध्य समुद्राच्या मधोमध माल्टा नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या लोकांच्या भाषेत बेटाला आजही 'ग्झीरा' म्हणतात आणि त्या नावाचे एक शहरही तिथे आहे. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळच्या राजपुरी खाडीच्या तोंडाशी, तोच शब्द काळ्या दगडाचा तट अंगावर घेऊन उभा आहे : जंजिरा.

मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की पुढे कोणत्याही पाणकिल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. जुन्या मराठी कागदपत्रांत 'जंजिरे सुवर्णदुर्ग' असे उल्लेख येतात. म्हणून मुरूडचा जंजिरा वेगळा ओळखावा यासाठी त्याला 'जंजिरे मेहरूब' असे पूर्ण नाव आहे.

माल्टाचा उल्लेख उगीच केलेला नाही. ही दोन बेटे शेजारी ठेवून पाहिली तर दोघांचाही इतिहास नीट कळतो. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून तो देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आजच्या पुणे महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. इ.स. ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अघलबी राजवटीने तो जिंकला. १०९१ मध्ये नॉर्मन आले आणि तेराव्या शतकात तिथल्या मुसलमानांना बेट सोडावे लागले. राज्य गेले, मशिदी गेल्या, पण भाषा राहिली. आजचे माल्टाचे लोक कॅथलिक ख्रिस्ती आहेत, पण देवाला 'अल्ला' म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या काळाला त्यांचा शब्द 'रन्दान' आहे, म्हणजे आपला रमजान. जुन्या राजधानीचे नाव 'इम्दिना', म्हणजे मदीना, शहर. रोमन लिपीत लिहिली जाणारी ही भाषा अरबीची मुलगी आहे.

जंजिऱ्यावर याच्या उलट घडले. इथे सत्ता आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या हाती शेवटपर्यंत टिकली, आणि भाषा मात्र इथल्या मातीची झाली.

धायरीहून राजपुरीकडे

आम्ही धायरीला राहतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तर सिंहगड दिसतो. पावसाळा संपून आकाश निवळले की मुले त्यावरचा टॉवर बोटाने दाखवतात. सिंहगड आणि जंजिरा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. १३२८ मध्ये मुहम्मद तुघलकाने त्याला वेढा घातला, तेव्हा तो नाग नाईक नावाच्या कोळी सरदाराच्या ताब्यात होता आणि त्याने कित्येक महिने किल्ला झुंजवला. जंजिऱ्याची कहाणीही एका कोळी पुढाऱ्यापासून सुरू होते. एक डोंगरातला कोळी, दुसरा दर्यावरचा. पण कोंढाणा पुढे अनेकदा हातोहात गेला. जंजिरा एकदा गेला तो गेलाच, पुन्हा कोणाच्या हाती आला नाही.

धायरीहून नवले पुलावर यावे, महामार्गाने वारजे ओलांडून चांदणी चौक गाठावा आणि पौड रस्त्याला लागावे. मुळशीचा जलाशय उजव्या हाताला ठेवत ताम्हिणी घाट उतरला की हवा बदलते. पुण्याची कोरडी थंडी मागे राहते आणि अंगाला दमटपणा चिकटतो. माणगाव ओलांडले की म्हसळ्यावरून दिघीचा रस्ता धरता येतो. दिघीला गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचे. तिथून राजपुरी गाव जवळच. मुले सोबत असतील तर ही फेरीबोट नक्की घ्यावी. जंजिऱ्याची जागा नेमकी का निवडली गेली, हे नकाशापेक्षा त्या खाडीत उभे राहून लवकर समजते. खाडी आत दूरवर गेली आहे. तिच्या काठच्या गावांचे भात, मीठ, लाकूड बाहेर जायचे तर याच तोंडातून जाणार. आणि त्या तोंडाशीच बेट आहे. खाडीच्या दाराला जणू बाहेरून लावलेली कडी.

राजपुरी ही कोकणी मुसलमानांची आणि कोळ्यांची वस्ती. मासे सुकवण्याचा वास, कौलारू घरे, आणि धक्क्यावर बांधलेल्या होड्या. किनाऱ्यापासून किल्ला एखादा किलोमीटर आत आहे. शिडाची होडी वारा पाहून वळणे घेत जाते, त्यामुळे पाऊण तास नव्हे पण पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात.

काळा दगड, गोडे पाणी

होडी निघाली की प्रथम लक्षात येते ती गोष्ट अशी की किल्ल्याला दरवाजाच दिसत नाही. पुढे फक्त पाण्यातून उठलेला सलग तट आणि गोल बुरूज. होडी अगदी तटाजवळ जाते, तेव्हा दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा एकाएकी समोर येतो. शत्रूने तोफ कुठे रोखायची, हेच त्याला कळू नये अशी ही योजना. त्यातही लाट होडीला खाली-वर करत असते. नावाडी 'आता' म्हणाला की त्याच क्षणी पायरीवर पाऊल टाकायचे. शांत हवेत, तिकीट काढून गेलेल्या माणसाची ही अवस्था; वरून दगड आणि गोळे येत असताना शिड्या लावणाऱ्यांचे काय होत असेल, याचा अंदाज तिथेच येतो.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २२ एकर. तटाची उंची चाळीस फुटांच्या घरात. १९ बुरूज आजही उभे आहेत. दगड सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट. माल्टाची घरे आणि तट मधाच्या रंगाच्या मऊ चुनखडीचे आहेत. तो दगड करवतीने कापता येतो. इथला दगड छिन्नीला दाद देत नाही. समुद्रही वेगळा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसतेच, काही वीतभर पाणी वर-खाली होते. कोकणात दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते, तेही काही मीटरने. म्हणजे जंजिऱ्यावर हल्ला करणाऱ्याला तोफांच्या आधी पंचांग पाहावे लागे. ओहोटीला खडक उघडे पडतात, भरतीला पायथा बुडतो आणि पावसाळ्याचे महिने तर होडी घालणेच अशक्य.

मुख्य दरवाजाजवळ एक शिल्प आहे. वाघासारख्या एका पशूने सहा हत्ती धरले आहेत : चार पायांत चार, एक तोंडात, एक शेपटीत गुंडाळलेला. आत जाताच उजवी-डावीकडे चढत गेलेले तट, जमिनीवर उगवलेली झाडी आणि मोडक्या भिंती. वर तीन मोठ्या तोफा आहेत : कलालबांगडी, चावरी आणि लांडाकासम. कलालबांगडीचे वजन २२ टन असल्याचे सांगतात. तिच्या गोळ्याचा पल्ला वाटाड्यागणिक वाढत जातो, ते हसून सोडून द्यावे. पण एवढे धूड होडीतून आणून चाळीस फूट वर कसे चढवले असेल, हा विचार करण्यासारखा आहे.

मला विचाराल तर या किल्ल्यातली सर्वांत मोठी तोफ म्हणजे त्यातले गोड्या पाण्याचे दोन तलाव. चारी बाजूंनी खारट समुद्र, आणि मध्ये दगडाने बांधून काढलेले, पायऱ्या असलेले गोल तळे. त्याचे पाणी आज हिरवे झाले आहे, पण त्या काळी हजारोंची तहान त्यावर भागत होती. कुरआनात खाऱ्या आणि गोड्या अशा दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधल्या आडपडद्याचा उल्लेख अल्लाहची निशाणी म्हणून आला आहे. त्या तळ्याच्या काठावर बसून पलीकडच्या लाटांचा आवाज ऐकताना ती निशाणी आठवल्याशिवाय राहत नाही. वेढा घालणारा सहसा दारूगोळ्याने जिंकत नाही. तो आतल्या माणसाच्या तहानेची वाट पाहतो. जंजिऱ्यावर ती वेळ आली नाही.

राम पाटील आणि पिरमखान

पंधराव्या शतकात या खडकावर कोळ्यांनी लाकडी मेढे रोवून मेढेकोट उभारला. चाच्यांपासून बायकामुले आणि होड्या वाचवाव्यात एवढाच हेतू. त्यांचा पुढारी राम पाटील. तो सरकारी ठाणेदाराला जुमानेना, तेव्हा निजामशाहीकडून पिरमखान आला. त्याने व्यापाऱ्याचे सोंग घेतले, बेटाजवळ गलबत नांगरले, आणि आसरा दिल्याबद्दल भेट म्हणून दारूची पिंपे पाठवली. कोळी पिऊन झिंगले. उरलेल्या पिंपांत माणसे होती. रात्री ती बाहेर आली आणि मेढेकोट गेला. ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिच्यातला कोणता भाग खरा, हे ठरवणे आता अवघड. पण कथा सांगणारे राजपुरीचे म्हातारे एक वाक्य हमखास जोडतात : किल्ला दर्याने नाही, दारूने बुडाला. आपल्या घरात मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

सोळाव्या शतकात लाकडाच्या जागी दगडी तट आला आणि पुढे सिद्द्यांनी तो वाढवत, भक्कम करत नेला. सतराव्या शतकात किल्ला त्यांच्या हाती स्थिरावला.

हे सिद्दी कोण?

सिद्दी म्हणजे हबशी, आजच्या इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले लोक. 'सिद्दी' हा शब्द अरबीतल्या 'सय्यिदी' म्हणजे 'माझे मालक, माझे धनी' यावरून आल्याचे मानतात. ज्यांना बाजारात विकले गेले त्यांच्या वंशजांना लोक 'धनी' म्हणू लागले, यात इतिहासाचा केवढा मोठा उलटफेर आहे!

हबश देशाशी मुसलमानांचे नाते जुने आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून पहिली हिजरत झाली ती मदीनेला नव्हे, हबशला. इ.स. ६१५ च्या सुमारास हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी ख्रिस्ती राजा नजाशीच्या दरबारात सूरह मरियम ऐकवली आणि त्या न्यायी राजाने आश्रितांना शत्रूच्या हवाली करण्यास नकार दिला. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हेही हबशीच, आणि गुलामीतून मुक्त झालेले.

महाराष्ट्राला हबशी माणसाची सर्वांत मोठी ओळख झाली ती मलिक अंबरमुळे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणीच विक्री, अनेक मालक, आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणण्याची व्यवस्था, त्याचीच. गनिमी काव्याने त्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याचे सिद्दी याच निजामशाहीच्या आरमारी नोकरीतून वर आले. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली तेव्हा ते आदिलशाहीकडे गेले, आणि १६७० नंतर मोगलांकडे. औरंगजेबाने त्यांच्या प्रमुखाला याकूतखान हा किताब दिला.

वेढे, आणि मुलीचा एक प्रश्न

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ पासून जंजिऱ्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. १६७० च्या सुमारास किल्लेदार फतेहखान शरण जाण्याच्या बेतात होता. त्याच्याच साथीदारांनी, सिद्दी संबूल, सिद्दी कासिम आणि सिद्दी खैरियत यांनी, त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. १६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासिमने मराठ्यांकडून दंडा-राजपुरी परत घेतली. मग महाराजांनी जवळच्याच कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. तो मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो. त्याच्या बांधकामाची एक खूण पाहण्यासारखी आहे : खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच आहे, मधाच्या पोळ्याच्या भिंतीसारखा.

१६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री होडीतून जाऊन तटाला शिड्या लावल्या. मागून येणारी फौज वेळेत पोहोचली नाही आणि डाव फसला. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, तेव्हा दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय करायची, असे तो म्हणाला. म्हणून त्याला 'पालखी' नावाचे गलबत देण्यात आले, अशी कथा आहे. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात दगडांचा सेतू टाकायला सुरुवात केली. पण मोगल फौज कोकणात उतरली आणि काम सोडावे लागले. १७३३ मध्ये पहिल्या बाजीरावाच्या मोहिमेत रायगड सिद्द्यांकडून परत मिळाला, १७३६ मध्ये चिमाजी अप्पाने सिद्दी सात याला लढाईत मारले, जंजिऱ्याचा मुलूख आकसला; किल्ला राहिला.

आम्ही होडीत असताना वाटाड्या हा इतिहास रंगवून सांगत होता. त्याने 'अजिंक्य' म्हटले की काही लोक टाळ्या वाजवत आणि काही गप्प बसत. आमच्या धाकट्या मुलीने नुकतीच चौथी संपवली होती, म्हणजे वर्षभर शिवचरित्र वाचले होते. अफजलखान, आग्रा, सगळे तिला पाठ. तिने माझ्या कानाशी येऊन विचारले, "अब्बू, आपण कोणाच्या बाजूचे?"

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळ घरांत कधी ना कधी विचारला जातो. तो हसण्यावारी नेऊ नये. रागावूही नये. मुले उत्तर शोधतातच. आपण दिले नाही तर ते दुसरीकडून घेतात. त्या दिवशी तळ्याच्या काठावर डबा उघडून आम्ही तिच्याशी बोललो. त्याचा सारांश इथे देतो.

पहिली गोष्ट, या लढायांत एका बाजूला सगळे मुसलमान आणि दुसऱ्या बाजूला सगळे हिंदू असे कधीच नव्हते. महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता आणि त्याने याच सिद्द्यांशी समुद्रावर लढाया केल्या. सिद्दी हिलालसारखे हबशी सरदारही महाराजांकडे होते. उलट सिद्द्यांच्या मुलखाचा कारभार स्थानिक हिंदू वतनदारांमार्फत चाले. पुढे पेशवा झालेले बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे सिद्द्यांच्या श्रीवर्धनचे देशमुख होते. आणि औरंगजेबाने जी मोठी राज्ये बुडवली त्यांत विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन्ही मुसलमानांचीच होती.

दुसरी गोष्ट, सिद्द्यांचे शौर्य खरे आहे, तसे त्यांचे अत्याचारही खरे आहेत. त्यांच्या स्वाऱ्यांनी कोकणपट्टीतली गावे पोळली. १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान लुटले. कोणी नाव मुसलमानाचे लावले म्हणून त्याचे कृत्य इस्लामचे होत नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी फौज पाठवताना बायका, मुले, म्हातारे यांना हात लावू नका, फळझाडे तोडू नका, मठांत उपासना करणाऱ्यांना त्यांच्या वाटेने राहू द्या, अशी ताकीद दिली होती. त्या मोजपट्टीने पाहिले तर परशुरामाची लूट चूकच ठरते. आणि महाराजांवर एरवी कठोर लिहिणारा मोगल इतिहासकार खाफीखान याने लिहून ठेवले आहे की त्यांचा आपल्या सैनिकांना हुकूम होता : मशिदींना, कुरआनाला आणि स्त्रियांना उपद्रव होता कामा नये. शत्रूच्या गोटातली ही साक्ष आहे.

तिसरी गोष्ट, कुरआनाने आपल्याला सांगितले आहे की साक्ष द्यायची ती न्यायाची द्या, मग ती स्वतःच्या किंवा आईबापांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध का जाईना. ही आज्ञा कोर्टापुरती नाही, इतिहास वाचतानाही ती लागू आहे. म्हणून बाजू विचारलीस तर आपली बाजू ही. लाय पाटलाचे धाडस आपले, गोड्या पाण्याचा तलाव बांधणाऱ्याचे कसबही आपले. दोन्ही याच किनाऱ्यावरचे आहे आणि आपणही याच किनाऱ्यामागच्या मातीतले आहोत.

तिने विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे परीक्षेत दोन्ही लिहायचे?" होय, असेच आम्ही सांगितले.

या निमित्ताने माल्टा पुन्हा आठवते. १५६५ मध्ये उस्मानी तुर्कांच्या प्रचंड आरमाराने माल्टाला वेढा घातला. आत ख्रिस्ती सरदार होते, बाहेर मुसलमान. उन्हाळाभर लढून, नामवंत दर्यावर्दी तुर्गुत रईस गमावून, तुर्क परत गेले. जंजिऱ्यावर आत मुसलमान होते आणि बेट तसेच टिकले. म्हणजे समुद्र कोणाचा धर्म विचारत नाही. पक्का तट, पुरेसे पाणी, धान्याचा साठा आणि बाहेरून येणारी मदत यांवर निकाल लागतो. शिवाय माल्टाच्या अजिंक्य सरदारांना १७९८ मध्ये नेपोलियनने काही दिवसांतच बेट सोडायला लावले. अजिंक्यपणाची मुदतही अल्लाहच ठरवतो.

मुरूडच्या बेगम

सिद्द्यांची ताकद एकेकाळी इतकी होती की १६८९ मध्ये याकूतखानाने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले आणि ईस्ट इंडिया कंपनीला औरंगजेबाची माफी मागावी लागली. पण पुढे इंग्रजांचाच जमाना आला. जंजिरा हे ११ तोफांच्या सलामीचे संस्थान झाले. नवाबांनी राहण्यासाठी मुरूडला समुद्राकडे पाहणारा महाल बांधला आणि किल्ल्याचे महत्त्व ओसरले.

या काळातली एक आठवण मासिक वाचणाऱ्या आपल्या भगिनींसाठी मुद्दाम सांगायला हवी. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाजली रफिया या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. त्यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि 'सैर-ए-यूरोप' हे उर्दू प्रवासवर्णन लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथून त्यांनी पाठवलेला मजकूर लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येत असे. पुढे त्याचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. अल्लामा शिबली नोमानी यांच्याशी या बहिणींचा पत्रव्यवहार होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुसलमान स्त्रिया जग पाहत होत्या, लिहीत होत्या, आणि दुसऱ्या मुसलमान स्त्रिया घरी बसून ते छापील वाचत होत्या. जंजिऱ्याचा इतिहास म्हणजे फक्त तोफा नव्हेत.

रिकामा किल्ला, भरलेले गाव

१९४८ च्या मार्चमध्ये जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कुलाबा जिल्ह्याचा भाग बनले. त्याच जिल्ह्याचे नाव १९८१ पासून रायगड आहे. ज्या बेटासाठी तीनशे वर्षे बारूद जळली, ते एका सहीने, गोळी न झाडता भारतात आले. संस्थानची बहुसंख्य रयत हिंदू होती. नवाब गेले, पण ना कोळी कुठे गेले, ना कोकणी मुसलमान.

स्वातंत्र्यानंतरही काही दशके किल्ल्यात वस्ती होती. मग पोटापाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी एकेक घर किनाऱ्यावर आले. आज आत राहतात ते फक्त अवशेष : सुरूलखानाच्या वाड्याच्या उंच भिंती, मशीद, पंचायतन पीर, आणि वडाच्या मुळांनी धरून ठेवलेले दगड. सुरूलखानाची कबर किल्ल्यात नाही. ती राजपुरीहून जवळच्या खोकरी गावात आहे. तिथे तीन घुमट आहेत. सर्वांत मोठा सुरूलखानाचा, बाजूचे दोन याकूतखान आणि खैरियतखान यांचे. किल्ल्यावर गर्दी असते, खोकरीला कोणी फारसे वळत नाही. तुम्ही वळा, फातिहा पढा. दगडी जाळ्यांतून येणारा वारा आणि शांतता, यांसाठी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

जायचे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजाच्या वेळी होड्या थांबतात, हे धरून निघावे. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी राजपुरीला विचारून ठेवावी. पिण्याचे पाणी सोबत घ्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. गोड्या पाण्याच्या त्या तळ्यात प्लास्टिक तरंगताना पाहून वाईट वाटते. म्हाताऱ्या माणसांना होडीतून पायरीवर उतरताना दोघांनी धरावे.

कुरआन आपल्याला वारंवार सांगतो की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. त्यासाठी दूर माल्टाला जाण्याची ऐपत सगळ्यांची नसते. धायरीहून सकाळी निघालेले कुटुंब दुपारच्या नमाजापर्यंत राजपुरीला पोहोचते. तिथे आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी, कोळ्यांच्या खडकावर, सह्याद्रीच्या दगडाने बांधलेला किल्ला आहे, आणि त्याला मराठीने ठेवलेले अरबी नाव आहे. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येऊन जे बनते, त्याच महाराष्ट्रात आपण राहतो. मुलांना ते दाखवायला घेऊन जा.